पुराच्या पाण्यात बसलेले येझदी २५० चे इंजिन: उघडताना काय पाहावे, काय मोजावे?

अरण्येश्वरकर (प्रश्न)

नमस्कार. मामांनी १९७४ साली घेतलेली येझदी २५० मोटारसायकल आता माझ्याकडे आली आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला जो पूर आला, त्यात आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये ही गाडी टाकीपर्यंत पाण्यात होती. नंतर ती बाहेरून धुऊन ताडपत्रीखाली ठेवली गेली. इंजिन मात्र कोणी उघडले नाही. आता किक जागची हलत नाही.

ज्या गॅरेजमध्ये प्रथम चौकशी केली, तेथील मेकॅनिकने गाडीला हात न लावताच "पूर्ण किट टाकू, बोअर करू, आठवड्यात चालू होईल" असे सांगितले (म्हणजे नवा पिस्टन-रिंगांचा संच आणि सिलिंडर कोरून मोठा करणे). क्रँक (पिस्टनच्या वर-खाली धावेने फिरणारा दांडा) उघडणार का, असे विचारल्यावर "डिझेलने धुतली की झाले" एवढेच उत्तर मिळाले. त्याने समाधान न झाल्यामुळे इंजिन चासीवरून उतरवून मी स्वतःच उघडायला घेतले आहे. मायक्रोमीटर आणि फिलर गेज माझ्याकडे आहेत व ते वापरता येतात, बोअर गेज मात्र नाही. टू-स्ट्रोक इंजिन आजवर कधी उघडलेले नाही.

आतापर्यंत फक्त हेड काढले आहे. पिस्टन जवळजवळ तळाशी थांबलेला आहे, त्याच्या माथ्यावर वाळलेल्या गाळाचा थर आहे आणि सिलिंडरच्या उघड्या भिंतीवर गंज दिसतो. पुढे कोणत्या क्रमाने जावे, प्रत्येक टप्प्यावर काय पाहावे, आणि क्रँककेस (क्रँकभोवतीचे दोन अर्ध्यांचे कवच) खरोखरच फोडावी, म्हणजे दोन अर्धे वेगळे करावे, लागेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

जुना फिटर

पिस्टनवरचा गाळ आत्ताच खरवडू नका आणि डिझेलची पिचकारी तर मुळीच मारू नका. तुमच्या इंजिनात दोन वेगवेगळ्या गोष्टी एकावर एक बसल्या आहेत: पुरापूर्वीच्या पंचेचाळीस वर्षांची झीज आणि पुरानंतरचा गंज. धुऊन टाकल्यावर कोणती खूण कशाची, हे कळायला मार्ग उरत नाही. गॅरेजवाले सरसकट किट सुचवतात, कारण त्यांना गाडी द्यायची असते, कारण शोधायचे नसते. त्यात त्यांचाही फारसा दोष नाही, शोधण्याच्या वेळेचे पैसे गिऱ्हाईक देत नाही.

पिस्टन तळाशी थांबला आहे, ही तुमच्या प्रश्नातली सर्वांत महत्त्वाची बाब आहे. या इंजिनात व्हॉल्व्ह नाहीत. सिलिंडरच्या भिंतीतली तोंडे, म्हणजे पोर्ट, उघडणे आणि झाकणे हे काम पिस्टनच करतो. तो खाली असताना एक्झॉस्ट आणि ट्रान्सफर (क्रँककेसमधून वर येणारी वाट) ही दोन्ही पोर्ट उघडी असतात, म्हणजे सायलेन्सरमधून शिरलेले गढूळ पाणी आधी सिलिंडरमध्ये आणि तेथून ट्रान्सफरच्या वाटेने थेट क्रँककेसमध्ये उतरले असणार. तेव्हा गाळ खाली गेला आहे असे गृहीत धरूनच चाला.

आता क्रम. किकवर जोर देऊ नका. या गाडीत किक आणि गिअर एकाच लिव्हरवर आहेत, आणि जाम इंजिनावर उभे राहून किक मारली तर आतला दातेरी भाग तुटतो. मग सिलिंडरचे काम राहते बाजूला आणि गिअरबॉक्सचे काम वाढते. त्याऐवजी गिअरबॉक्सचे तेल पारदर्शक बरणीत काढा आणि रात्रभर स्थिर ठेवा. प्रायमरी चेन, क्लच आणि गिअर हे सर्व एकाच तेलात चालतात, त्यामुळे बरणीत तळाशी पाणी साचले किंवा तेल दुधाळ निघाले, तर डावे कव्हर काढल्यावर क्लचच्या कॉर्क प्लेटा फुगलेल्या आणि बेअरिंगे गंजलेली सापडण्याची तयारी ठेवा.

सिलिंडर काढण्यासाठी पिस्टनच्या कडेने पातळ तेल सोडून ते मुरू द्या. नंतर लाकडी हातोडीने खालून, एक्झॉस्टच्या जाड भागावर, आळीपाळीने दोन्ही बाजूंना हलके ठोके देत सिलिंडर सरळ वर न्या. पंख्यांवर ठोकू नका, कारण हे सिलिंडर बिडाचे आहे आणि बिडाचा पंखा वाकत नाही, तुटतो. सिलिंडर दोन बोटे वर आला की लगेच क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ फडके कोंबा. वरचा गाळ खाली पडला तर नुकत्याच केलेल्या सावधगिरीला अर्थ राहत नाही.

पिस्टन हातात आल्यावर तो चांगल्या उजेडात फिरवून पाहा. पुढच्या, म्हणजे एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे असतील तर इंजिन कधीतरी तापून किंवा तेल कमी पडून धरलेले, म्हणजे जाम झालेले आहे. चारही कोपऱ्यांवर सारखे चकाकणारे पट्टे असतील तर बोअर करताना सैलपणा कमी ठेवला गेला होता. मागच्या, कार्ब्युरेटरच्या बाजूचा स्कर्ट (पिस्टनचा रिंगांखालचा भाग) मंद, राखाडी आणि घासकागद लावल्यासारखा दिसत असेल, तर वर्षानुवर्षे एअर फिल्टरशिवाय गाडी चालली आहे. रिंगांच्या खाली तपकिरी डाग उतरलेले असतील तर रिंगा वायू धरत नव्हत्या. यांपैकी काहीही पुराने होत नाही, म्हणून या खुणांची नोंद गंजापासून वेगळी करा.

बोअर गेज नसल्याची चिंता करू नका. जुनीच एक रिंग स्वच्छ करून सिलिंडरमध्ये सोडा, पिस्टनच्या माथ्याने ढकलून ती सरळ बसवा आणि तिच्या टोकांमधली फट फिलर गेजने मोजा. हे एकदा पोर्टांच्या खाली, जेथे रिंगा पोचत नाहीत तेथे करा, आणि एकदा अगदी वर, जेथे रिंगांची धाव संपते तेथे करा. दोन फटींमधल्या फरकाला ३.१४ ने भागले की सिलिंडर वर किती रुंदावला आहे, तो व्यासातला फरक मिळतो. नव्या रिंगेसाठी जुना हिशोब दर इंच बोअरला (सिलिंडरच्या आतल्या व्यासाला) चार थाऊ, म्हणजे इंचाचे चार हजारांश, असा आहे. ६५ मिलिमीटरच्या या बोअरला तो साधारण पाव मिलिमीटर येतो.

कॉर्कप्लेट

फिटर काकांच्या बहुतेक मुद्द्यांशी मी सहमत आहे, परंतु क्रँककेस फोडण्याची घाई करू नये असे मला वाटते. पाण्यात राहिलेली एक जावा मी क्रँककेस न फोडता, ट्रान्सफरमधून पुन्हा पुन्हा डिझेल ओतून आणि इंजिन उलटे करून स्वच्छ केली होती. ती आजही चालते. मूळ क्रँक कारखान्यात दाबून बसवलेला असतो. तो नवख्या माणसाने प्रेसवर उघडला आणि वाकडा बसवला, तर जी चूक नव्हती ती आपण विकत घेतो. येझदी बनवणारा मैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद झाला आहे, त्यामुळे आज बाजारात 'नवा' म्हणून जो कनेक्टिंग रॉड (पिस्टन आणि क्रँक जोडणारा दांडा) मिळतो, तो बहुतेक वेळा नंतर कोणीतरी बनवलेला असतो आणि त्याच्या पोलादाची खात्री देणारे कोणी नसते. मूळ भाग चालण्यासारखा असेल तर तो वाचवणे हेच शहाणपणाचे.

भोसरी लेथ

कॉर्कप्लेट यांची प्रेसबद्दलची भीती अगदी रास्त आहे. वाकडे दाबलेले क्रँक दुरुस्तीला माझ्याकडे नेहमी येतात. मात्र डिझेलने धुण्याचा उपाय या इंजिनाला लागू होईल असे मला वाटत नाही, आणि त्याचे कारण टू-स्ट्रोकच्या रचनेतच आहे.

फोर-स्ट्रोकमध्ये क्रँककेस म्हणजे तेलाची टाकी. येथे ती भात्यासारखी आहे: पिस्टन वर जाताना तिच्यात हवा, पेट्रोल आणि तेल यांचे मिश्रण ओढले जाते आणि खाली येताना तेच दाबून वर ढकलले जाते. कनेक्टिंग रॉडचे मोठे टोक क्रँकच्या पिनवर रोलरांच्या आधाराने फिरते; त्या रोलरांना तेल मिळते ते या मिश्रणातल्या तुषारांमधून, रॉडला असलेल्या खाचेतून. ज्या खाचेतून तेल जाते, त्याच खाचेतून पुराचा गाळही आत गेला. डिझेल ओतल्यावर केसच्या तळाचा सुटा गाळ निघतो, पण रोलर आणि पिन यांच्यामध्ये बसलेला बारीक कण निघतोच असे नाही; उलट इंजिन फिरवले की तो रोलरखाली दळला जातो. शिवाय पाणी अनेक वर्षे आत राहिले असेल, तर पिनवर रोलरांच्या अंतराने गंजाच्या आडव्या रेघा उठतात. त्या रेघा म्हणजे धातूतले खड्डे असतात, मळ नव्हे, आणि खड्डा धुऊन जात नाही.

तरीही निर्णय तर्काने नव्हे, तपासून करा. क्रँक हळूहळू पूर्ण फेरा फिरवा आणि कनेक्टिंग रॉडवर बोट ठेवून कोठे खरखर किंवा अडखळ लागते का ते पाहा. मग रॉड सर्वांत वरच्या स्थितीत धरून सरळ वर ओढा आणि सरळ खाली दाबा. या दिशेत हाताला जाणवेल इतकी हालचाल अजिबात असता कामा नये. रॉड आडवा, डाव्या-उजव्या बाजूला थोडा सरकतो आणि वरचे टोक किंचित डुलते, ते मात्र स्वाभाविक आहे. पुष्कळ लोक त्यालाच खेळ समजून चांगला क्रँक प्रेसखाली घालतात. रॉडच्या छोट्या टोकाचा ब्राँझचा बुश आणि गजन पिन (पिस्टन रॉडला जोडणारी पिन) हेही त्याच वेळी पाहून घ्या.

डावीकडचा प्रायमरी स्प्रॉकेट किंवा उजवीकडचे डायनॅमोचे आर्मेचर काढताना क्रँकच्या टोकावर हातोडा मारू नका. दाबून बसवलेल्या क्रँकची जोडणी एका ठोक्याने सरकते आणि मग तो डायल गेजवर नाचू लागतो. योग्य पुलर मिळवा. बोहरी आळीत साधे पुलर मिळतात, पण आर्मेचरसाठी लागणाऱ्या आट्यांचा बोल्ट बहुधा करूनच घ्यावा लागेल. पुण्यात सल्ला पाहिजे तितका मिळतो, पुलर उसना कोणी देत नाही.

अरण्येश्वरकर

सविस्तर उत्तरांबद्दल सर्वांचे आभार. सांगितलेल्या क्रमाने सिलिंडर काढला आणि दोन्ही बाजूंची कव्हरे उघडली. जे दिसले ते लिहितो.

बरणीत तळाशी स्वच्छ पाण्याचा थर दिसला आणि वरचे तेल दुधाळ होते. पिस्टनच्या माथ्यावर ६५.५० असा आकडा आहे, म्हणजे मूळ ६५ चे बोअर पूर्वी वाढवलेले आहे. रिंगेची फट खाली ०.४५ आणि वर ०.७० मिलिमीटर आली. स्कर्टची मागची बाजू फिटर काकांनी वर्णन केली तशीच राखाडी आहे, आणि फिल्टरच्या डब्यात फिल्टर नव्हताच. सिलिंडरच्या वरच्या अर्ध्या भागात गंज पुसल्यावर टोचल्यासारखे खड्डे दिसतात. पिस्टनने झाकलेला खालचा भाग जवळजवळ निर्दोष आहे.

क्रँक फिरतो, परंतु एका विशिष्ट जागी स्पष्ट अडखळतो. वर-खाली खेळ जाणवत नाही. टॉर्चने पाहिले असता केसच्या तळाशी गाळ आहे, आणि डाव्या बाजूला, प्रायमरीच्या दिशेला, त्याच्याखाली काळपट चिकट तेलाचा थर आहे. उजवी बाजू कोरडी आहे. या तेलाचा अर्थ काय घ्यावा, आणि ६५.७५ चा पिस्टन आणून बोअर करून घेऊ का?

जुना फिटर

ते तेल गाळाच्या खाली आहे, म्हणजे ते पुराच्या आधीपासून तेथे होते. डावीकडचे ऑइल सील पुरापूर्वीच गेलेले असणार. पिस्टन वर जाताना क्रँककेसमध्ये जी ओढ निर्माण होते, तिने प्रायमरीतले तेल फाटलेल्या सीलमधून आत खेचले जाते. अशी गाडी गरम झाल्यावरही भरपूर धूर सोडते, प्लग वारंवार ओला होतो आणि गिअरचे तेल कोठेही गळती न दिसता कमी होत जाते. मामांना विचारून पाहा, शेवटच्या वर्षांत त्यांना हेच जाणवले असेल. उजवे सील गेले असते तर तेल नव्हे, हवा आत आली असती. मिश्रण पातळ होऊन इंजिन आपोआप भरधाव झाले असते आणि त्या उष्णतेची खूण पिस्टनच्या पुढच्या बाजूला राहिली असती. केस फोडली की दोन्ही बाजूंची सील बदला.

भोसरी लेथ

वर-खाली खेळ नसताना एकाच जागी अडखळ लागणे, हे पिनवर किंवा मुख्य बेअरिंगमध्ये गंजाचा खड्डा असल्याचे लक्षण आहे. केस फोडावी लागेल, याबद्दल आता शंका उरलेली नाही. फोडल्यावर आधी मुख्य बेअरिंगे वेगळी फिरवून पाहा. अडखळ त्यांचीच निघाली आणि मोठे टोक गुळगुळीत फिरले, तर क्रँक प्रेसखाली न घालता कॉर्कप्लेट यांचे म्हणणे मान्य करता येईल. नवी बेअरिंगे सी ३ प्रतीचीच, म्हणजे आत थोडा जास्त सैलपणा असलेलीच घ्या. गरम झालेल्या क्रँकला साधे बेअरिंग आवळून धरते.

पिस्टनची खरेदी मात्र आत्ता थांबवा. फटींमधला फरक ०.२५ आहे, म्हणजे सिलिंडर वरच्या बाजूला सुमारे ०.०८ ने रुंदावून ६५.५८ च्या आसपास गेला आहे. ६५.७५ पर्यंत बोअर केल्यास त्या जागी प्रत्येक भिंतीवरून फक्त ०.०८५ मिलिमीटर धातू निघेल. गंजाचे खड्डे त्याहून खोल असतील तर पैसे खर्च करूनही ते शिल्लक राहतील, आणि रिंगा त्यांच्यावरून जाताना दर वेळी दाब सोडतील. आधी सिलिंडर घेऊन या. बोअर गेजने मोजून आणि एक हलका हात फिरवून खड्ड्यांची खोली पाहू. ६६ वर जावे लागेल असा माझा अंदाज आहे. त्यानंतर पिस्टन आणा आणि पिस्टन प्रत्यक्ष हातात आल्यावरच शेवटचे माप ठरवू, कारण माथ्यावर छापलेला आकडा आणि स्कर्टचे खरे माप यांत फरक असतो. मी या बिडाच्या सिलिंडरला सहा शतांश मिलिमीटरच्या आसपास सैलपणा (पिस्टन आणि भिंतीमधली जागा) देतो. होनिंगनंतर (बोअरच्या भिंतीला दगडाने शेवटचा हात दिल्यावर) पोर्टांच्या कडा हाताने किंचित मोडून घेणे विसरू नका, नाहीतर धारदार कडेत रिंग अडकून तुटते.

सदाशिवपेठी

एक वेगळा, पण याच कामाशी निगडित मुद्दा. केस खराब निघाली तर नाना पेठेत किंवा जुन्या बाजारात दुसऱ्या इंजिनाची केस मिळेलही, परंतु तो मोह टाळावा. दोन्ही अर्धे जोडीनेच यंत्रावर बोअर केलेले असतात, त्यामुळे एका इंजिनाचा डावा अर्धा दुसऱ्याच्या उजव्याला नीट जुळत नाही. शिवाय इंजिन क्रमांक केसवरच असतो. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार, प्रथम नोंदणीला पन्नास वर्षे पूर्ण झालेली दुचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. अट अशी की ती मूळ स्वरूपात असावी आणि चासी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नसावा. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये आहे, आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, हेही ध्यानात घ्या. तो मार्ग धरायचा की नाही हे नंतर ठरवता येईल, पण काम सुरू होण्याआधी क्रमांकाचे छायाचित्र काढून ठेवा आणि केस साफ करणाऱ्याला तेथे घासू नका असे बजावून सांगा.

अरण्येश्वरकर

क्रमांकाचे छायाचित्र काढले. सिलिंडर या आठवड्यात भोसरीला आणतो. केस फोडताना आणि पुन्हा जोडताना काय सांभाळावे, एवढेच कृपया सांगा.

जुना फिटर

सर्व स्क्रू निघाल्यावरही केस सुटत नसेल तर जोडावर स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका. त्या पृष्ठभागावर पडलेली एक खाच म्हणजे हवेची कायमची वाट. कोठेतरी एखादा स्क्रू राहिला आहे का ते आधी पाहा. नंतर बेअरिंगच्या बैठकीभोवती हॉट एअर गनने केस शंभर अंशांच्या आसपास तापवा. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट पसरते, त्यामुळे साठ मिलिमीटरच्या बैठकीत सुमारे पाच शतांश मिलिमीटरचा मोकळेपणा मिळतो आणि बेअरिंग ठोकाठोकीशिवाय निघते. बसवतानाही हाच मार्ग.

जोडणी झाल्यावर, सिलिंडर आणि हेड बसवून, पण कार्ब्युरेटर व सायलेन्सर लावण्याआधी, दाबाची चाचणी घ्या. एक्झॉस्टची दोन्ही तोंडे आणि कार्ब्युरेटरचे तोंड रबर व पत्र्याने पक्के बंद करा, प्लगच्या भोकातून सायकलच्या पंपाने हवा भरून दाब सहा पीएसआयवर आणा. हातात कमी दाब दाखवणारे गेज घ्या, कारण टायरच्या गेजवर सहाचा आकडा नीट वाचता येत नाही. मिनिटाला एक पीएसआयहून अधिक दाब उतरत असेल तर जोडांवर आणि सीलवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे शोधा. डावे सील प्रायमरीच्या आत असल्याने ते कव्हर लावण्याआधीच तपासावे लागते. या चाचणीत इंजिन उत्तीर्ण झाले नाही तर केस पुन्हा उघडा, कार्ब्युरेटरच्या जेटशी खेळत बसू नका; हवा खाणाऱ्या इंजिनाचे ट्यूनिंग कधीच लागत नाही. पहिल्या टाकीला वीस लिटर पेट्रोलमागे एक लिटर टू-टी ऑइल ठेवा आणि फिल्टरच्या डब्यात या वेळी फिल्टर घाला.